तक्त्यात नसलेली थाळी

बारा वर्षांची असताना मी जितकी शहाणी होते तितकी पुढे कधीच झाले नाही. आता गुडघे कुरकुरतात, चष्मा शोधायला दुसरा चष्मा लागतो, आणि जव्हारच्या बाजारात मेथी आणायला गेले तर पालक घेऊन घरी येते. पण तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. आश्रमशाळेतून दिवाळीच्या सुट्टीला घरी यायचे ती पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन, आणि शहाणपण त्या पेटीच्याही वर ठेवून. एसटी पोशेऱ्याच्या फाट्यावर सोडायची. तिथून आमचा पाडा दोन टेकड्यांपलीकडे. वाटेत भेटेल त्या माणसाला मी काहीतरी शिकवूनच पुढे जायचे. गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याला मी एकदा पृथ्वी गोल असल्याचं सांगितलं, तर तो म्हणाला, "असंल बाय, पर आमच्या बाजूला चढच हाय."

त्या वर्षी मी शिकून आले होते वाद्यं. आमचे गुरुजी घाटावरचे, गाण्याचे वेडे. त्यांनी कुठूनतरी परदेशी वाद्यवृंदाचा मोठा रंगीत तक्ता मिळवून वर्गात टांगला होता. अर्धगोल करून बसलेली माणसं, सगळी काळ्या कोटात, जणू एकाच लग्नाला आलेली. पुढच्या रांगेत हनुवटीखाली व्हायोलिन धरलेली मंडळी. मग तीच व्हायोलिनं मागे मागे मोठी होत गेलेली. चेलो गुडघ्यांत धरायचा, आणि डबल बास तर माणसाहून उंच, त्याला उभं राहून मिठीच मारायची. त्यांच्यामागे बासरी, क्लॅरिनेट. त्याच्यामागे पितळी तुताऱ्या, त्यातल्या एकीची नळी पुढेमागे सरकणारी. शेवटी नगारे, झांजा आणि लोखंडाची एक तिकोनी सळई, जी वाजवणारा तासभर नुसता बसून असतो आणि एकदाच 'टिंग' करतो. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना ती नोकरी हवी होती. मधोमध काठी घेतलेले एक गृहस्थ उभे होते. ते काय वाजवतात, असं कुणीतरी विचारलं. गुरुजी म्हणाले, "काहीच नाही. ते सगळ्यांना एकत्र ठेवतात." मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे गुराखी." गुरुजींनी थोडा विचार करून ते मान्य केलं.

शाळेत त्यातलं एकही वाद्य नव्हतं, म्हणून गुरुजी ती सगळी तोंडाने वाजवून दाखवत. व्हायोलिन नाकातून, तुतारी मूठ तोंडाला लावून, नगारे टेबलावर. डबल बास करताना त्यांचा आवाज इतका खाली जायचा की त्यांचे डोळे मिटायचे. शेजारच्या वर्गाचे मास्तर खिडकीशी येऊन उभे राहायचे, रागावायला आलेले, पण रागवायचे नाहीत. मग गुरुजी सांगत, वाद्यांची घरं चार. एक तारेचं, एक फुंकीचं, एक कातड्याचं, आणि एक ठोकून वाजणाऱ्या धातूचं नि लाकडाचं. "जगातलं कुठलंही वाद्य आणा, या चारांपैकी एका घरात जाऊन बसतंच." पोरांनो, ही चार घरं तुम्हीही ध्यानात ठेवा, चांगली आहेत. मी पुढे पस्तीस वर्षं मास्तरीण होते, मीही तीच शिकवली. फक्त मी त्या सुट्टीत वापरली तशी वापरू नका.

घरी पोचल्यापासून मी दिसेल ते चार घरांत कोंबायला लागले. आमचं घर कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं. त्यात पहाटेपासून आवाजच आवाज. जात्याची घरघर, मडक्यात उकळणारं पाणी, कोंबड्यांची कुरकुर, आणि आयचे भाकरी थापणारे हात. मी चुलीपुढे बसून जाहीर केलं की कोंबडा फुंकीच्या घरातला, उखळ ठोकायच्या घरातलं, आणि आय भाकरी थापते तो आवाज कातड्याच्या घरातला, कारण हाताला कातडं असतं. आय तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "आन तुझ्या पाठीत एक घातली तर ती कंच्या घरातली?" मी विचार करून सांगितलं, तीही कातड्याच्याच. बाबा इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग माझी नजर आजाच्या थाळीवर गेली. आजा म्हणजे बाबाचा बाप. डोळ्यांवर पडदा आलेला, समोरचे दात गेलेले, पण अख्ख्या पाड्याची कथा त्याच्याकडे. नागलीची, म्हणजे नाचणीची, मळणी झाली, खळ्यावर रास पडली की धान्याच्या देवीची, कणसरीची कथा आजाने लावायची. ती पुरी झाल्याशिवाय दाणा घरात यायचा नाही आणि तोंडातही जायचा नाही. कथेला साथ एकच, ती थाळी. काशाची, जुनी, काळवंडलेली. तिच्या मधोमध काळ्या मेणाचा गोळा, आणि त्या गोळ्यात रोवलेली हातभर लांबीची गवताची सरळ काडी. आजा थाळी मांडीपुढे ठेवायचा, बोटं राखेत बुडवायचा, आणि दोन्ही हातांनी आळीपाळीने ती काडी वरून खाली निपटायचा. गाईचं दूध काढतात ना, तसं. काडी थरथरायची, ती थरथर मेणातून थाळीत उतरायची, आणि थाळी घुमायला लागायची. दूर घाटात ट्रक चढत असावा तसा आवाज, कुठून येतो ते कळायचं नाही. त्या घुमण्यावर आजा कथा सांगायचा आणि शेजारचा लखमाकाका ओळीच्या शेवटी झील धरायचा.

"आजा, तुझी थाळी तक्त्यात नाय," मी म्हटलं.

"कुठं नाय?"

"तक्त्यात. शाळंत. तिला तार नाय, तिला फुंकत नाय, तिला कातडा नाय, तिला ठोकत पन नाय. मंग ती वाद्यच नाय. ती जेवायची थाळी हाय."

आजा कान कोरत होता. त्याने कानातली काडी काढली, पुसली. "बरा," तो म्हणाला. "पर तिच्यासमोर नको बोलूस. ऐकून बसंल तर वाजायची नाय."

आजची मी असते तर तिथेच त्याच्या पाया पडले असते. बारा वर्षांच्या मला वाटलं, म्हातारा हरला. शिवाय मला त्याची कीवही आली, आणि कीव आलेलं शहाणं माणूस फार धोक्याचं. थाळी तक्त्यात बसत नाही याचं कारण ती अस्वच्छ आहे, असं माझं मत पडलं. तक्त्यातली सगळी वाद्यं कशी चकचकीत! म्हणून एका दुपारी सगळे रानात गेलेले असताना मी थाळी फडक्यातून सोडली. चिंच आणि राख लावून, वसतिगृहात भांडी घासायला शिकवलं होतं तशी घासली. ती सोन्यासारखी निघाली. मधला काळा गोळा तेवढा घाणेरडा दिसत होता. तो मी विळ्याच्या टोकाने खरवडला, काडी उपटली, आणि मेण चुलीत टाकलं. भक्कन जाळ झाला आणि घरभर मधाचा वास पसरला. तो वास मला अजून आठवतो, कारण तो मला आवडला होता. मग पेटीतून माझ्या अभ्यासाच्या दोन मेणबत्त्या काढल्या, करवंटीत वितळवल्या, थाळीत ओतल्या, निवत आल्यावर काडी उभी केली. पांढराशुभ्र गोळा, पिवळीधमक थाळी. एकदा हळूच काडी निपटून पाहिली, तर थाळी बारीक का होईना बोलली. मी तिला परत फडक्यात बांधून खुंटीला लावली आणि आजाला सुधारल्याच्या आनंदात दोन करांदे जास्त खाल्ले.

करांद्यांचं सांगायचं राहिलं. त्या दिवसांत घरात जुनी नागली संपलेली असायची. रानातून खणून आणलेले उकडलेले करांदे, चाईच्या रानवेलीच्या पानात शिजवलेली काकडीची सावेली, उडदाची पातळ आमटी, यावर पाडा दिवस काढायचा. डोळे सगळ्यांचे खळ्याकडे. मळणी झालेली नागलीची लाल रास समोर असायची, शेजारून जाताना तिचा कोरा वास यायचा, पण हात कुणी लावायचं नाही. म्हणून कथेच्या दिवशी जेवणवेळ टळली तशी माणसं खळ्यावर येऊन बसली, ती देवीसाठी आली होती तशी भाकरीसाठीही. कथा दिवसाउजेडी संपायची, सूर्य डोंगराआड जायच्या आत रास घरात यायची. कथा अपुरी राहिली तर पुन्हा पुढच्या आठवड्यात बसायचं, आणि तोवर नागली उघड्यावर. त्या दुपारी मोखाड्याच्या अंगाला ढग चढत होते.

आजाने दिवा लावला, रास पुजली, फडकं सोडलं. आमच्या बाया "अगं बाय, थाळी कशी उजाळली!" म्हणाल्या आणि मी मान उंच केली. आजाच्या डोळ्यांना उजाळणं दिसलं नाही. त्याचा अंगठा मात्र मधल्या गोळ्यावर गेला आणि तिथेच थांबला. पण दिवा लागला होता, लोक बसले होते. त्याने बोटं राखेत बुडवली आणि काडी निपटली. थाळी बोलली. त्याने देवांची नावं घेतली, कथा उठवली, लखमाकाकाने पहिली झील धरली. देवी रुसून डोंगर सोडून निघाली, इथवर कथा आली असेल, तोच 'टक्' असा बारीक आवाज झाला. पांढऱ्या गोळ्याला आडवी चीर गेली, अर्धा गोळा थाळीतून सुटला, आणि काडी आजाच्या दोन बोटांत तशीच वर आली.

मला वाटलं होतं आजा रागावेल. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता थांबला. त्याची बोटं हवेतच काडी निपटत राहिली, वरून खाली, वरून खाली, आणि तोंडातून शब्द येईना. लखमाकाका हळूच म्हणाला, "दादा, देवी डोंगर सोडून निघली." आजा म्हणाला, "निघली." लखमाकाकाने पुढचं विचारलं, "तिला वाटंत कोन भेटला?" आजाने ओठ हलवले. त्याला आठवत नव्हतं. ज्याला अख्ख्या पाड्याची कथा पाठ, त्याला वाटेत कोण भेटलं ते आठवत नव्हतं. तेव्हा मला कळलं की कथा आजाच्या डोक्यात नव्हतीच. ती त्या घुमण्यात ठेवलेली होती, घुमणं चालू असेल तेवढीच ती बाहेर यायची. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हातारी म्हणाली, "थकला आता म्हातारा," आणि ते आजाने ऐकलं. डोळे गेले तरी कान शाबूत होते त्याचे.

"मी केला," मी उभी राहून म्हटलं. "मेण मी काढला. मेणबत्तीचा घातला."

बाबा अर्धा उठला. आयने कपाळाला हात लावला. लखमाकाका म्हणाला, "काळा मेण कुठं हाय मंग?"

"चुलीत."

"त्यो मेण दादाच्या गुरूचा होता गं, पोरी," लखमाकाका म्हणाला. एवढंच. मला खळ्यातल्या शेणात शिरावंसं वाटलं. तसलं मेण न चावणाऱ्या बारीक मधमाश्यांच्या पोळ्यात मिळतं, झाडाच्या ढोलीत. ते शोधायचं तर दिवस जातो.

आजाने आवाजाच्या दिशेला हात केला. "हिकडं ये, मंजी." मी गेले. "त्या थाळीचा आवाज ध्यानात हाय तुला?" मी हो म्हटलं. लहानपणापासून ऐकलेला, कसा नसणार? "मंग तोंड मिटून तसा घुमव." मला रडू फुटलं होतं, नाक वाहत होतं. त्या नाकातून मी 'ऊंऽऽ' काढला तो रेड्यासारखा निघाला. पोरं हसली. "खाली," आजा म्हणाला. "अजून खाली." आणि मला एकाएकी डोळे मिटून डबल बास करणारे गुरुजी दिसले. मी डोळे मिटले आणि आवाज पोटात सोडला. छाती थरथरायला लागली. "हां," आजा म्हणाला, "बस."

त्याने मला त्याच्याकडे पाठ करून मांडीपुढे बसवलं, थाळी बसायची त्या जागी. माझ्या दोन वेण्या, खुरासणीच्या तेलाने चोपडलेल्या, पाठीवर होत्या. आजाने एक वेणी या हातात घेतली, दुसरी त्या हातात, आणि वरून खाली निपटायला लागला. आळीपाळीने, अगदी तसंच. खळंभर हसू पिकलं. बाबासुद्धा हसला. आणि मग हसू एकदम विरलं, कारण माझ्या मागून आजाचा आवाज आला. देवीला वाटेत मुंगी भेटली होती.

आता दम किती पुरणार? आजाच्या काडीला श्वास घ्यावा लागत नव्हता, मला लागत होता. पहिल्यांदा मी श्वासाला थांबले तेव्हा आजाही अडखळला. दुसऱ्यांदा दम संपत आला तेव्हा बायकांच्या बाजूने तोच सूर उठला. आय होती. मी श्वास घेऊन परत सूर धरला, तशी ती थांबली. मग तिच्या शेजारच्या काकूने तो धरला, मग त्या 'थकला' म्हणणाऱ्या म्हातारीनेही. कुणी कुणाला खूण केली नाही, काठी घेऊन मध्ये कुणी उभं नव्हतं, पण सूर तुटला नाही. एकीचा संपायच्या आत दुसरीचा लागायचा. त्या बायांनी थाळी आयुष्यभर ऐकली होती, वाजवायला कधी बसल्या नव्हत्या. बसू नये असं कुणी म्हटलं होतं असंही नाही. बसलेली कुणी पाहिली नव्हती, इतकंच. मी आजही मोबाइलवर मोठमोठ्या वाद्यवृंदांचं ऐकते. नात लावून देते आणि मी झोपलेय का ते मध्ये मध्ये तपासते. सुंदर असतं ते सगळं. पण शंभर माणसांचा सूर एकदम लागतो तेव्हा माझ्या पाठीवर आपोआप कुणाची तरी बोटं फिरतात.

कथा पुरी झाली तेव्हा ऊन डोंगराच्या टोकाला होतं. रास टोपल्यांनी घरात गेली, शेवटची टोपली आत आली आणि मागोमाग पावसाचे चार थेंब पडले. आयने नवी नागली दळायला घेतली. पहिली भाकरी आजापुढे ठेवली तेव्हा त्याने ती मोडून निम्मी माझ्या हातात दिली, आणि मी ती गिळताना घसा दुखून ओरडले, म्हणजे ओरडायला गेले, तर आवाजच नव्हता. घसा पार बसला होता. तीन दिवस माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. घरात इतकी शांतता कित्येक सुट्ट्यांत नव्हती. बाबा म्हणाला, देवी खरीच पावली. पृथ्वी गोल आहे की चढाची, ते तीन दिवस कुणालाच कळलं नाही.

चौथ्या दिवशी आजाने मला रानात नेलं. त्याला दिसत नव्हतं आणि मला अजून धड बोलता येत नव्हतं, त्यामुळे जोडी बरी जमली. तो झाडाला कान लावायचा, मान हलवायचा, पुढे जायचा. एका जुन्या ऐनाच्या ढोलीपाशी त्याने मला जवळ ओढून माझा कान बुंध्याला टेकवला. आत बारीक घुमत होतं. मेण निघालं ते मुठीत मावेल एवढंच, काळं, चिकट, केसांना लागलं तर निघायचं नाही असं. घरी येऊन आजाने ते हातात मळून मऊ केलं, थाळीच्या मधोमध ठेवलं, नवी काडी माझ्याकडून रोवून घेतली. मला वाटलं आता तो दाबून बसवेल. त्याने माझा उजवा अंगठा धरला आणि बुडाशी, मेणावर जोरात दाबला. वर्गात सगळ्यांत वळणदार सही माझी होती, आणि तिथे मी अंगठा उठवला. मी घोगऱ्या आवाजात विचारलं, माझा कशाला, तुझा का नाही?

"आता मोडली," आजा म्हणाला, "तर कुनी मोडली ता शोधाया नको."